बल गुणिले विस्थापन

पेण सोडलं की रोह्यापर्यंत मध्ये तीन स्टेशनं लागतात. कासू, नागोठणे आणि निडी. न्यूटनचे नियमही तीनच. हा योगायोग रेल्वेच्या लक्षात आला नसेल, सरांच्या मात्र आला आहे. दिवा-रोहा मेमू पेणहून हलली की कासूपर्यंत पहिला नियम, नागोठण्यापर्यंत दुसरा आणि निडी यायच्या आत तिसरा, असं त्यांचं वेळापत्रक आहे. गाडी लेट असली तर उदाहरणं वाढतात. निडी ते रोहा हा उरलेला तुकडा त्यांनी आर्किमिडीजला देऊन टाकला आहे. पण तोवर ऐकणारे पिशव्या घेऊन दाराशी जाऊन उभे राहिलेले असतात, त्यामुळे आमच्या भागात तरंगण्याविषयीचं ज्ञान एकूण कच्चंच राहिलं.

असा माणूस पनवेलच्या पुढे गावोगाव सापडेल. कुणी शाळेतून निवृत्त झालेला असतो, कुणी धाटावच्या एमआयडीसीत पाळ्या करून थकलेला, तर कुणी ऐन तारुण्यात बी.एस्सी.ला दोनदा बसून उठलेला. जग आहे तसं आहे, एवढ्यावर त्याचं भागत नाही. ते तसं का आहे हे शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही. आमचे सर त्यांतले पहिल्या प्रकारचे. रोह्याच्या एका हायस्कुलात त्यांनी हयातभर विज्ञान शिकवलं, राहायला पेणला. खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण विद्यार्थ्यांनी त्यांचं 'जडत्व सर' केलं त्याला इतका काळ लोटला की नवा पोस्टमनसुद्धा त्याच नावानं घर विचारत येतो. निवृत्त झाल्यावरही ते रेल्वेचा पास काढतात. रोज रोह्याला काय काम असतं, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "बाहेरून असंतुलित बल लागेपर्यंत गतिमान वस्तू गतिमानच राहते." शाळेनं नारळ दिला, शाल दिली, समारंभ केला, पण सरांच्या हिशेबी हे बल पुरेसं नव्हतं.

उंची बेताची, अंगानं काटक. उंचीबद्दल कुणी बोललं तर त्यांना वाईट वाटत नाही. उलट गुरुत्वमध्य जमिनीच्या जवळ असल्यामुळे गाडीनं गचका दिला तरी आपण पडत नाही, हे ते उभे राहून दाखवतात. खिशात दोऱ्याला बांधलेला एक नट असतो. गाडी वेग घेते तेव्हा दोरा मागे कलतो, ब्रेक लागला की पुढे झुकतो आणि एकसारख्या वेगानं चालली की सरळ लोंबतो. "डब्याच्या सगळ्या खिडक्या बंद करा आणि मला सांगा, गाडी चालली आहे की उभी आहे?" असं ते समोरच्या माणसाला विचारतात. गाडी एकसारख्या वेगानं सरळ जात असेल तर आतल्या आत कुठल्याही प्रयोगानं ते कळणार नाही, हे गॅलिलिओनं 1632 साली जहाजाचं उदाहरण घेऊन सांगून ठेवलंय. समोरचा माणूस बहुधा मासे घेऊन निघालेला असतो आणि खिडकी बंद करायला त्याची तयारी नसते.

पेण स्टेशनात एकदा गंमत झाली. शेजारच्या रुळावरची मालगाडी हलली आणि आमच्या डब्यातल्या एका बाईंना वाटलं आपलीच सुटली. त्यांचा मुलगा खाली पाणी भरायला उतरलेला. त्यांनी अशी काही बोंब ठोकली की फलाटावरचे वडेवालेही धावले. सर शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या दृष्टीनं तुमचंही बरोबर आहे. होडीत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, असं आर्यभटानं इसवी सन 499 मध्येच म्हटलंय." मुलगा एव्हाना आत येऊन बसला होता. बाईंनी सरांकडे पाहिलं आणि मुलाला विचारलं, "हे तुझ्या ओळखीचे आहेत का रे?"

सरांचं कधी चुकत नाही, हीच त्यांची अडचण. चुकणाऱ्या माणसाला हसून सोडून देता येतं. सरांचं सगळं बरोबर असतं, फक्त ते ज्या वेळी सांगतात त्या वेळी कुणाला हवं नसतं. वडखळच्या पुढे चिखलात टेम्पो रुतला आणि आम्ही सगळे मागून रेटतोय, तेव्हा सर बाजूला छत्री धरून सांगत होते की स्थितिक घर्षण हे गतिक घर्षणापेक्षा जास्त असतं, त्यामुळे सुरुवातीलाच जोर लावा, एकदा हलला की सोपं जाईल. शब्द न् शब्द खरा होता. टेम्पो हलल्यावर सोपं गेलंही. पण गुडघाभर चिखलात उभं राहून वर कोरड्या जागेवरून खरं ऐकायला फार मोठं मन लागतं, आणि ते त्या दिवशी ड्रायव्हरकडे नव्हतं.

मुंबई-गोवा महामार्गाचा विनोद करायची आमच्याकडे पद्धत आहे. पनवेल ते इंदापूर 84 किलोमीटरचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं आणि मग पोरांच्या दहाव्या-बाराव्या झाल्या, लग्नं झाली, तरी खड्डे चुकवतच जावं लागलं. कुणीतरी म्हणतंच, "सर, हा न्यूटनचा पहिला नियम. स्थिर काम स्थिरच राहणार." सगळे हसतात, सर हसत नाहीत. "स्थिर वस्तूवर बल नसतं हा गैरसमज आहे," ते म्हणतात. "टेबलावरच्या पुस्तकाला पृथ्वी खाली ओढते आणि टेबल वर ढकलतं. बलं असतात, पण संतुलित. या रस्त्याला सगळ्या बाजूंनी ओढणारे सारख्याच ताकदीचे निघाले, म्हणून तो जागचा हलला नाही." महामार्गावर मी बरेच अग्रलेख वाचले आहेत. इतकं नेमकं निदान त्यांत सापडलं नाही.

आता पेणमध्ये राहायचं आणि गणपतीच्या कारखान्यात नाक खुपसायचं नाही, हे शक्यच नाही. सरांच्या गल्लीतच एक कारखाना आहे. आषाढ लागला की तिथे पाय ठेवायला जागा नसते. साच्यातून निघालेले पांढरे गणपती, रंगाला लागलेले, रेखणीला थांबलेले, आणि दाराशी टेम्पो. सर सकाळचा फेरफटका आटोपून थेट तिथे. पहिल्यांदा त्यांनी नाचऱ्या गणपतीवर बोट ठेवलं. एका पायावर उभी मूर्ती, दुसरा पाय उचललेला, तुंदिलतनू एका बाजूला झुकलेली. "हिच्या गुरुत्वमध्यातून सोडलेली उभी रेषा तळव्याच्या बाहेर जाते. पडणार." कारागिरानं वर न बघता मूर्तीच्या शेल्याचं टोक दाखवलं. शेला खांद्यावरून वळसा घेत खाली उतरून पाटाला टेकला होता. बघणाऱ्याला ती कपड्याची झुळूक, मूर्तीला तो तिसरा पाय. सर वाकून बघत राहिले. मग वहीत आकृती काढून घेतली आणि कारागिराला म्हणाले, "आधाराचं क्षेत्रफळ वाढवलंस." तो म्हणाला, "शेला काढला, मास्तर."

दुसऱ्या दिवशी विषय पेंढ्याचा. टेम्पोत मूर्ती लावताना खाली पेंढा, दोन मूर्तींच्या मध्ये पेंढा, सोंडेच्या बाजूला जुन्या कापडाचे बोळे. सरांनी मालकाला समजावलं की टेम्पोनं ब्रेक मारला तरी जडत्वामुळे मूर्ती पुढेच जाऊ बघते. तिला झटक्यात थांबवलं तर बल मोठं लागतं आणि सोंड तुटते. पेंढा दबत दबत थांबवतो, थांबण्याचा वेळ वाढतो, तेवढंच बल कमी होतं. क्षेत्ररक्षक झेल घेताना हात मागे नेतो तो याच कारणानं. मालकानं सगळं ऐकून घेतलं. गिऱ्हाईक समोर असल्यामुळे त्याला ऐकणं भागच होतं. मग म्हणाला, "सर, पेंढा आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे."

"असेल. पण तो का घालता हे त्यांना ठाऊक नव्हतं."

"मूर्ती फुटू नये म्हणून," मालक म्हणाला.

यावर खरं तर संवाद संपायला हवा होता, पण सरांनी प्लॅस्टर काढलं. जिप्सम सुमारे दीडशे अंशांना तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि भुकटी उरते. तिच्यात पाणी घातलं की गेलेलं पाणी परत घेऊन ती घट्ट होते आणि होताना गरम होते. म्हणजे शेवटी पुन्हा जिप्समच, आणि ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. शाडू मुळात विरघळतच नाही, तर पाण्यात त्याचे कण सुटे होतात. हे दोन द्रव्यांतलं अंतर सर रंगात येऊन सांगत होते, तोच मालकानं त्यांना हाताला धरून बाहेर नेलं आणि चहा पाजला. शाडू की प्लॅस्टर हा प्रश्न पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात ऐन हंगामात गिऱ्हाइकासमोर काढायचा नसतो, हे नववीच्या पुस्तकात दिलेलं नाही.

पण सरांची कीर्ती झाली ती तांदळाच्या गोणीवरून. नववीच्या पुस्तकात पहिला धडा गतीच्या नियमांचा आणि दुसरा कार्य आणि ऊर्जेचा. सरांचा जीव दुसऱ्यावर. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन. भिंत दिवसभर रेटली आणि ती हलली नाही तर कार्य शून्य. डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यानं मैलभर चाललात तर ओझ्यावरचं बल उभं, जाणं आडवं, म्हणून ओझं उचलण्याच्या बलाचं कार्य शून्य. मुलांना हे पटत नसे. सरांना त्यांचं न पटणं आवडे.

तर गिरणीवरून घरी पन्नास किलोची गोणी आली. हमाल गावचाच, आगरी माणूस, सरांना चांगला ओळखणारा. गोणी खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला आणि हमाली मागितली. सर म्हणाले, "थांब. हिशेब करू." जमिनीवरून खांद्यापर्यंत दीड मीटर. पन्नास गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले दीड. सातशे पस्तीस ज्यूल. "एवढं तू केलंस, ते मान्य. गिरणीपासून इथपर्यंत रस्ता सपाट, तिथे शून्य. आता तू गोणी पेलून नुसता उभा आहेस, त्यातही शून्य. आणि खाली ठेवशील तेव्हा गुरुत्वाकर्षण काम करणार, त्याचे पैसे तुला कसे देऊ?"

हमालाच्या कपाळावरचा घाम नाकावर आला होता. "मास्तर, यो कायदा कुनी केला?"

"न्यूटन. म्हणजे पाया त्यानं घातला. 1687 सालचं पुस्तक आहे."

"कुठल्या गावचा?"

"वूल्सथॉर्प. इंग्लंड."

"तिकरं भात पिकतं का?"

"नसावं," सर म्हणाले. माहीत नसलेल्या गोष्टीवर ते कधी ठाम बोलत नाहीत.

"मंग बराबर," हमाल म्हणाला, वळला आणि गोणी तशीच खांद्यावर घेऊन गिरणीकडे चालू लागला. जाता जाता मागे न बघता ओरडला, "परत नेन्याचे पैसे नाय घेत, मास्तर. रस्ता सपाट हाय!"

कुणाही गृहस्थाचा चेहरा पडला असता. सर अंगणात उभे राहून आनंदानं ओरडले, "वा! आता तर एकूण विस्थापनही शून्य!" त्यांना खरोखर असं वाटलं की आपला एक विद्यार्थी उशिरानं का होईना तयार झाला. रात्री घरात पोह्यांवर भागवावं लागलं. पेणचे पोहे चांगले असतात, पण जेवणाच्या वेळी ते चांगले लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी काकूंनी गिरणीवर जाऊन दुप्पट हमाली दिली आणि गोणी आणवली, तेव्हा सरांना कामानिमित्त बाहेर पाठवलं होतं.

हमालाची बाजू घेऊन मी एकदा सरांशी वाद घालून पाहिला. गोणी पेलून उभं राहणारा माणूस बाहेरून स्थिर दिसतो, पण त्याच्या स्नायूंतले तंतू आत सारखे आकसत आणि सुटत असतात. त्यात ऊर्जा जाते, तिची उष्णता होते, म्हणून घाम येतो. म्हणजे गोणीवर कार्य शून्य असलं तरी हमालाच्या अंगात भरपूर चाललेलं असतं. सरांना हे माहीत होतंच. "ते जीवशास्त्र," ते म्हणाले, आणि अशा आवाजात म्हणाले की मी पुढे काही बोललो नाही. विज्ञानशिक्षकांत भौतिकवाला जीवशास्त्राकडे कसा बघतो, हे शिक्षकांच्या खोलीत चहा प्यालेल्याला सांगायला नको.

सरांचा पुण्याचा भाचा मित्रांबरोबर कोलाडला राफ्टिंगला आला. मुलं हेल्मेट घालून वल्ही घेऊन उभी, आणि सर कुंडलिकेच्या काठावर. "ही नदी भर उन्हाळ्यात कशी काय वाहते सांगा." कुणालाच माहीत नव्हतं. मग सरांनी सह्याद्रीच्या वर बोट केलं. मुळशीच्या धरणाचं पाणी, ज्यासाठी 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तेच, घाटमाथ्यावरून नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला येतं. 1927 पासून तिथे वीज होते, ती मुंबईला जाते आणि काम उरकलेलं पाणी कुंडलिकेत सोडतात. "तुम्ही ज्यावर नाचणार आहात ती मुंबईला पुरवून उरलेली ऊर्जा आहे. एक लिटर पाणी पाचशे मीटर उतरलं की चार हजार नऊशे ज्यूल. आमच्या हमालाच्या साडेसहा गोण्या खांद्यावर चढवण्याइतकं कार्य." वाटाड्या घड्याळ बघत होता. भिऱ्याचं पाणी सोडलेलं असतं तोवरच राफ्ट चालतात, पाणी ओसरलं की संपलं. शेवटी मुलं सरांना तसंच बोलत ठेवून राफ्टमध्ये बसली. प्रवाह त्यांना वळणापलीकडे घेऊन गेला तरी सर काठावरून स्थितिज ऊर्जेचं गतिज ऊर्जेत रूपांतर समजावत होते. या वेळी निदान प्रात्यक्षिक समोर होतं. हमालाच्या कानावर ही साडेसहा गोण्यांची गोष्ट गेलीच. तो म्हणाला, "त्या पान्याला सांगा, मास्तरांची गोनी उचल."

एक खंत मात्र सरांच्या मनात आहे. रोह्याच्या देशमुखांपैकी चिंतामणराव 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पांडुरंगशास्त्री आठवले 1920 साली रोह्यात जन्मले. विनोबा 1895 साली पेण तालुक्यातल्या गागोद्यात. अर्थ झाला, अध्यात्म झालं, भूदान झालं. "भौतिकशास्त्राची जागा अजून रिकामी आहे," असं सर नागोठण्याच्या आसपास म्हणतात, आणि मग खिडकीबाहेर बघतात. डब्यातल्या कुणीतरी काहीतरी म्हणावं अशी ती वेळ असते. कुणी म्हणत नाही.

सरांची सासुरवाडी रोह्याची. तिथलं ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या सुमाराला त्यांची पालखी निघते, पोलीस सशस्त्र मानवंदना देतात आणि पालखी गावभर घरोघरच्या आरत्या घेत फिरून पुन्हा देवळात येते. एका वर्षी सर दाराशी उभे राहून, पालखीचा भार चार खांद्यांवर कसा वाटला जातो आणि बुटक्याच्या वाट्याला तो कमी का येतो, हे समजावत होते. मेहुण्याला ते असह्य झालं असावं. त्यानं "भाऊजी, या, खांदा द्या" म्हणत त्यांना दांड्याखाली उभं केलं. पुढचे दोघे आणि मागचे दोघे उंच, धिप्पाड. दांडा सरांच्या खांद्यापासून चार बोटं वर राहिला. जावयाला बाहेर हो असं सांगायचं कुणी, आणि देवाच्या पालखीखालून मधेच सरकायचं तरी कसं? सर त्या मोकळ्या जागेसकट गावभर हिंडले. या आळीतून त्या आळीत, प्रत्येक दाराशी थांबत. ताशाच्या आवाजात बोलायची सोय नव्हती, त्यामुळे समजावणंही बंद. घरी आले तेव्हा पायांचे गोळे झाले होते. ओटीवर बसकण मारून म्हणाले, "अगं, गरम पाणी आण. पाय गेले माझे."

काकू घंगाळ घेऊन आल्या, पण खाली ठेवेनात.

"अहो, दांडा खांद्याला लागला होता का?"

"नाही. चार बोटं वर."

"म्हणजे बल शून्य. आणि पालखी फिरून देवळातच आली ना?"

"तर! नाहीतर कुठे जाणार?"

"म्हणजे विस्थापनही शून्य. मग दमलात कशानं?"

मेहुणा, त्याची बायको, मुलं, सगळे ओटीवर जमले होते. आता जीवशास्त्र येणार अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. सरांनी घंगाळाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

"पाण्यात थोडं मीठ घाल," ते म्हणाले.

"किती ग्रॅम?" काकूंनी विचारलं.